केसरला अग्नी कुणी द्यायचा

भुजंगला खोटं बोलणारी माणसं चालत. त्यांच्यावाचून झरीचा बाजार भरला नसता, हे त्याला ठाऊक होतं. पण मिळणार काहीच नसताना कुणी खोटं बोलायला लागलं, की त्याच्या अंगाला खाजकुयली लागल्यासारखं व्हायचं. आणि त्याची बायको सविता दिवाळीपासून नेमकं हेच करत होती. भर उन्हात, कापूस वेचता वेचता, टोळीतल्या बायांना ऐकवून.

टोळी वारंगुळ्याची होती. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पैसा द्यायचा नाही, घ्यायचा नाही, नुसती पाळी. वेचणीला मजूर मिळेना झाले तेव्हापासून गावातल्या लहान शेतकऱ्यांच्या बायांनी हे धरलं होतं. टोळीची म्होरकी बायनाबाई. तिची साठी उलटली होती आणि ती कमरेत वाकली होती, पण वेचणीत हे तिच्या पथ्यावरच पडलं होतं. बाकीच्यांना दिवसभर वाकावं लागे. ती वाकलेलीच येई.

सविताच्या गोष्टीत केसर नावाची बाई होती. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या पल्याड, सोनपेठच्या अंगाला कुठलंसं गाव. केसरचा नवरा 'बैल बघून येतो' म्हणून गेला तो आलाच नाही. दिरानं विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं आणि केसरच्या वाट्याचं पाणी बंद केलं. तिच्याजवळ उरली एक म्हैस, आणि तीही लाथाड. आता असं गाव नव्हतं, अशी विहीर नव्हती, म्हैस तर नव्हतीच नव्हती. तरी बायनाबाई घरी गेली की आपल्या म्हशीपुढं कडबा टाकताना म्हणायची, "खा बाई, तिकडं केसरच्या म्हशीम्होरं काडी न्हाई."

त्या दिवशी टोळी भगवानरावाच्या रानात होती, कारण भगवानरावाची सून टोळीत होती. भगवानरावाची विधवा भावजय सुलाबाई, तीही टोळीत होती. दोघांच्या रानाला विहीर एकच, मोटारीची पेटीही एकच, आणि पेटीला कुलूप भगवानरावाचं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. भगवानराव लिंबाखाली बसून दात कोरत होता आणि ऐकत नसल्यासारखं ऐकत होता.

भुजंग आपली पाळी कधी येते ते बघायला आला होता. मोबाईलवर अवकाळीचा मेसेज येऊन दोन दिवस झाले होते. उन्हात ऊन नव्हतं. वारा एकदा इकडून यायचा, एकदा तिकडून, जनावरानं जागा धुंडावी तसा. भुजंगच्या काळ्या रानात बोंडं फुटून लोंबायला लागली होती. भिजला असता तर कापूस डागाळून कवडी झाला असता, आणि कवडी कापसाला व्यापारी हात लावतो तो फक्त नाक मुरडायच्या आधी.

"दिरानं किल्ली काढली," तासातून, म्हणजे कपाशीच्या ओळीतून, सविताचा आवाज आला, "अन् केसरच्या म्होरं धरली."

सगळ्यांचे हात बोंडावर थांबले.

"मग?" सुलाबाई म्हणाली.

"केसरनं हात म्होरं केला. त्यानं किल्ली विहिरीत टाकली."

"मुडदा बशिवला त्याचा," बायनाबाई म्हणाली.

लिंबाखाली भगवानरावाची काडी दातात मोडली. भुजंगनं तेवढे थांबलेले हात बघितले. तो तसाच पाय आपटत घरी निघाला. पुढं बायनाबाईच्या एका शिवीसरशी ते हात कसे पळाले, रागाच्या भरात बायांनी अर्धा तास कसा ओरबाडून काढला, हे बघायला तो थांबला नाही. रागानं वेचलेला कापूस तो कधी मोजणारच नव्हता.

संध्याकाळी सविता भाकरी थापत होती. भुजंग चुलीसमोर बसला, उठला, दारातून आभाळ बघून आला, पुन्हा बसला.

"ती केसर का कोण, संपीव तिला."

"कामून?"

"हात थांबायलेत बायांचे. परवा आपली पाळी हाय. माझ्या कापसात ती बाई नको."

"ती काय कापूस तुडवायलीय का तुमचा?"

"आगं, जी हायच न्हाई तिच्यासाठी आठ जणी उभ्या ऱ्हायलेत. असती तर एक डाव मी पण उभा ऱ्हायलो असतो."

सवितानं तव्यावरची भाकरी उलटली. "बरं," म्हणाली.

लग्नाला बावीस वर्षं झालेल्या माणसानं ह्या 'बरं'ला भ्यायला पाहिजे होतं. भुजंग त्यावर दोन भाकरी जास्तीच्या खाऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सविता रानातून आली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "संपीवली."

"कशी?"

"किल्ली काढायला विहिरीत उतरली. पाय घसरला. लोकांनी वर काढून अंगणात ठिवली."

"बरं झालं," भुजंग म्हणाला. आणि लय दिवसांनी त्याला झोप लागली.

सकाळी दव उडायच्या सुमाराला बाया आल्या. भुजंगनं आधीच चहा टाकायला सांगितला होता, बैलगाडीला पोती बांधली होती. बाया एकामागोमाग एक आल्या, ओट्यावर टेकल्या. डोक्यावरून पदर घेतलेले. कुणाच्या हातात कापूस बांधायचं चवाळं नाही, कमरेला ओटी नाही. चहा आला तर कुणी कपाला हात लावीना.

"चवाळी इसरलात का काय?" भुजंग म्हणाला. "असू द्या, पोती हायत. चला, ढग वर यायलेत."

"कुठं?" बायनाबाई म्हणाली.

"रानात."

"रानात कसं जावं, भुजंगा? मढं अंगणात हाय अजून."

भुजंगनं अंगणात बघितलं. अंगणात एक कोंबडी होती.

"कुणाचं मढं?"

"केसरचं."

गावाचा रिवाज जुना होता. मयत झालं की ते उचलेपर्यंत कुणी औत जुंपत नाही, खुरपं धरत नाही, चहासुद्धा घशाखाली उतरवत नाही. भुजंगच्या आज्यानं हा रिवाज पाळला होता, बापानं पाळला होता, आणि दोन वर्षांमागं शेजारचा म्हातारा ऐन पेरणीत गेला तेव्हा भुजंगनंही तिफण सोडून तो पाळला होता. फक्त आजवर प्रत्येक वेळी मयत झालेला माणूस आधी जिवंत होता.

"अवो काकू," तो दम खाऊन म्हणाला, "ती खरी न्हाई."

"ठाऊक हाय की. आमी काय येड्या हाव?"

"मग?"

"खऱ्याला भावकी असती. जीप करून बहिणी येत्यात, उर बडवित्यात. हिला कोण हाय? सविता अन् आमी. आमीच रानात गेलो तर मढ्यापाशी कोण बसावं?"

भुजंगनं दाराकडं बघितलं. सविता आत होती. "हिनं सांगितलं का तुमाला, मी म्हणलो संपीव म्हणून?"

"तिनं कशाला सांगावं," बायनाबाई म्हणाली. "धडधाकट बाई. दुपारी ठेचा-भाकर खाती अन् चारच्या टायमाला मरती. कुणाचं तरी बोट लागल्याबिगर आसं होत न्हाई."

सात जणींनी भुजंगच्या बोटांकडं बघितलं. त्यानं हात पाठीमागं घेतले.

त्यानं मोटारसायकल काढली ती थेट झरीला. नाक्यावर मजूर उभे असतात तिथं त्या दिवशी शेतकरीच उभे होते. मेसेज सगळ्यांना आला होता. एक मुकादम सापडला, तो पान लावता लावता म्हणाला, "सोमवारी बघू. तुमच्या गावात टोळी हाय म्हणत्यात की वारंगुळ्याची. चांगली वेचती म्हणं."

"हाय," भुजंग म्हणाला, "पर मयत झालंय."

"आरारा. कोण?"

भुजंगनं किक मारली.

येताना त्याला पारावर अण्णासाहेब गुरुजी दिसले. गुरुजींनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली होती आणि निवृत्त झाल्यापासून ती ऐकायला माणूस शोधत होते. भुजंगनं त्यांना मागं बसवलं. वाटेत सगळं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "सोपं आहे. कुणी तरी त्यांना समजावून सांगायला पाहिजे, बस."

ओट्यावर गुरुजींनी घसा साफ केला. "बायांनो, काल्पनिक गोष्टीतलं मरण हे मरण नसतं. आपण शेंग खातो आणि टरफल टाकून देतो ना? तसं तात्पर्य घ्यायचं आणि गोष्ट सोडून द्यायची."

"तात्पर्य म्हंजी काय ओ, गुरुजी?" भगवानरावाच्या सुनेनं विचारलं.

"म्हणजे ह्या गोष्टीतून तुम्हाला शिकायला काय मिळालं?"

बाया विचारात पडल्या. मग बायनाबाई म्हणाली, "लाथाड म्हशीची धार कशी काढावं ते सांगितलं व्हतं तिनं. पर ते मला आदीच येत व्हतं."

"मग इतके दिवस ऐकली कशाला?"

"म्होरं काय होतंय म्हणून."

गुरुजी हसले. मग म्हणाले, "म्हैस कुठली?"

"आता हे कसं सांगावं मधूनच," सुलाबाई म्हणाली. "पहिल्यापून सांगावं लागंल."

"सांगा की थोडक्यात."

थोडक्यात सांगायला टोळी तयार नव्हती. एकीनं नवरा बैल बघायला गेला तिथून धरलं, दुसरीनं मधेच तोडून 'त्याच्या आदी जत्रेत काय झालं ते सांग' म्हटलं. भुजंग दारात येरझाऱ्या घालत होता. उत्तरेकडचे ढग दक्षिणेच्या ढगांना भेटायला निघाले होते. तासाभरानं त्यानं वळून बघितलं तर गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि ते पंच्यानं नाक पुसत होते. बायांना समजवायला म्हणून एक माणूस आणला होता, तो मयतात वाढला.

फाटकाशी भगवानराव उभा होता. त्यानं भुजंगला खुणेनं बाजूला घेतलं.

"भुजंगा, तुझ्या बायकोला एक सांग. त्या दिराला जरा रडू दे म्हणावं."

"दादा, ती गोष्ट तुमच्यावर न्हाई."

"न्हाईच की. मी कुठं म्हणलो माझ्यावर हाय?" भगवानराव घाईनं म्हणाला. "पर रडला तर बरं दिसंल. काल सुनंनं मला चहाला इचारलं न्हाई."

भुजंग मागच्या दारानं घरात शिरला. सविता सुपात ज्वारी पाखडत होती. ज्वारी कालच पाखडून झाली होती.

"तिला उठीव," भुजंग म्हणाला.

"कुणाला?"

"केसरला. म्हणावं श्वास व्हता. पाणी काढलं पोटातलं, उठून बसली."

"मेलेलं माणूस उठत न्हाई."

"आगं, तुझ्याच हातात हाय की. हायच न्हाई ती. मग मेली काय अन् उठली काय."

"खोटं वाटंल."

भुजंगनं तिच्या तोंडाकडं बघितलं. त्याला वाटलं, ही थट्टा करायलीय. पण सविताचे डोळे लाल होते, आणि घरात कांदा चिरल्याची खूण नव्हती.

"आजवर सगळं खरं व्हतं व्हय?" त्यानं विचारलं, पण आवाज उतरला होता.

"हां," ती म्हणाली.

सूप हलत राहिलं. मग तीच बोलली. "मला वाटलं व्हतं, ती उलंगवाडीपतूर, शेवटच्या वेचणीपतूर जगती. म्हैस व्यायची व्हती तिची. पारडी व्हणार व्हती. लय काय काय व्हतं."

"मग आता मयत तरी उरक. मढं उचल म्हणजे बाया उठत्यात. मी हात जोडतो."

"कुणी उचलावं? नवरा न्हाई, लेकरू न्हाई. दीर आसला. अग्नी कुणी द्यायचा ते मला सुचंना झालंय सकाळपून." तिनं सूप खाली ठेवलं. "तुमी म्हणला संपीव. माझी संपली. आता तुमीच बघा."

भुजंग पोतं खांद्यावर टाकून एकटाच रानात गेला.

काळ्या रानात पांढरं शेत पसरलं होतं आणि वर आभाळ काळं होत होतं. त्यानं पहिलं तास धरलं. बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं नखाखाली घुसत. पाला कापसाला चिकटून येई, तो निवडत बसावा लागे. वारा आला की झाड हलायचं आणि हातातलं बोंड सुटायचं. एरवी त्याला एकट्यानं काम करायला आवडायचं. आज शांतता कानाला टोचत होती. त्यानं मान वर केली: उरलेली तासं नजर पोचेपर्यंत होती. खाली घातली तर डोक्यात एकच.

अग्नी कुणी द्यायचा.

दिरानं? बायका मान्य करायच्या नाहीत. नवरा ऐनवेळी परत आणावा? इतके दिवस आला नाही, आजच कसा येईल, खोटं वाटंल. भुजंग दचकला. हा शब्द आपल्या डोक्यात कुठून आला, ते त्याला कळेना. पाटलानं? पाटील कुणाच्या मयताला जातो तो पुढं उभा राहायला, पुढं होऊन अग्नी द्यायला नाही. त्याचं एक तास वेचून झालं तेव्हा पोत्याचा तळसुद्धा झाकला नव्हता. ढगाच्या पोटात गुरगुरलं.

तो पोतं तिथंच टाकून घरी आला. ओट्यासमोर उभा राहिला. कुठं बघावं ते न कळून कोंबडीकडं बघत म्हणाला, "मयत उचलायचं हाय. मी सांगतो. पर रानात सांगतो."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

"तुला येतंय का?" बायनाबाईनं विचारलं.

"न्हाई."

हे उत्तर तिला पटलं असावं. ती गुडघ्यावर हात देऊन उठली. मग चवाळी निघाली. पदराखाली सगळ्यांनी आणलीच होती.

आठ तासांवर आठ जणी, नवव्यावर भुजंग. सविता शेवटच्या टोकाला, लांब. गुरुजी धुऱ्यावर, रानाच्या बांधावर, छत्री टेकवून बसले. भगवानराव आपल्या हद्दीत, पण ऐकू येईल इतक्या हद्दीत उभा होता.

"तर मग," भुजंग म्हणाला, "लोक जमले. तिला नेली. जाळली. झालं."

कुणाचा हात हलेना.

"आसं कुठं असतंय व्हय?" बायनाबाई म्हणाली. "लाकडं कुठली आणली?"

भुजंगनं वेचून झालेलं बोंड उगाच चाचपलं. मग त्याला आठवलं की लाकडाचं आपल्याला कळतं. गावातल्या किती मयतांची सरणं त्यानं रचली होती. "लाकडं वली व्हती," तो म्हणाला. "आवकाळी पडून गेला व्हता. बाभळ पेटंना. मग तिच्याच गोठ्याचं मेढकं काढलं, अन् आडं. ती वाळून ठणठणीत."

"गोठा मोडला?" सुलाबाई कळवळली. हात मात्र सुरू झाला.

"लुगडं कोणचं नेसवलं?" दुसऱ्या तासातून आलं. "हिरवं का पांढरं?"

"नवऱ्याचं ठाऊक न्हाई मेला का जिता," तिसरी म्हणाली. "हिरवंच पाहिजे."

"हिरवं," भुजंगनं कबूल केलं. "पर तिच्या पेटीत हिरवं लुगडं न्हवतं. मग एका म्हातारीनं आपलं काढून दिलं. स्वतःच्या मयताला ठिवलेलं."

बायनाबाईचा हात क्षणभर थबकला आणि मग असा चालू लागला की शेजारच्या तासातली मागं पडली. तिच्या पेटीत एक हिरवं लुगडं होतं, हे टोळीला ठाऊक होतं. भुजंगला ठाऊक नव्हतं. त्याचा आपला अंदाज.

त्याला हळूहळू चाल कळायला लागली. पुढचं लवकर सांगितलं की हात रेंगाळतात. विचारलेलं थोडं अडवून धरलं की बोटं चुरूचुरू चालतात. तास संपताना थांबावं आणि बोलावं पुढच्या तासाच्या तोंडाला, म्हणजे बाया पाणी प्यायलासुद्धा थांबत नाहीत. इतके दिवस सविता हे करत होती, आणि आपण तेवढे थांबलेले हात बघून आलो. त्यानं तिच्याकडं बघितलं. ती मान खाली घालून वेचत होती. पण लांबच्या टोकावरून ती चार तासं जवळ आली होती.

"मडकं कुणी धरलं?" भगवानरावाची सून म्हणाली.

धुऱ्यावरून खाकरल्याचा आवाज आला. "दिरानं धरलं आसंल," भगवानराव म्हणाला. "घरचा माणूस हाय. चुकला आसंल, पर मडकं धरायला येतोय की माणूस. रडत आला आसंल."

भुजंग थांबला. बायनाबाईनं मानसुद्धा वर केली नाही.

"मडक्यात पाणी कुठलं घालावं त्यानं? पेटीला तर कुलूप हाय."

सुलाबाई बोंडं काढत राहिली, तिचं कुणाकडं लक्ष नसल्यासारखी. भगवानराव थोडा वेळ उभा राहिला, मग धुऱ्यानं चालू लागला. तो दिसेनासा झाला तरी बायांचे कान त्याच्या पाठीमागं गेलेले होते.

"सरण रचलं," भुजंग म्हणाला. त्याचा आवाज बसायला लागला होता. "लोक उभे ऱ्हायले. पलिता पेटला. पर घ्यायला कुणी म्होरं येईना. एक म्हणला तिचं-माझं गोत येगळं. एक म्हणला मला लेकरं-बाळं हायत. पलिता जळून हाताला चटका बसायला लागला."

आठही तासं आता एकमेकांना लागून चालली होती. कापूस ओटीत पडल्याचा मऊ आवाज होता, तो तेवढा ऐकू येत होता. एक थेंब भुजंगच्या मानेवर पडला. बाकी अजून वरच होतं.

"मग?" हे गुरुजी होते.

"तिथं एक माणूस व्हता," भुजंग म्हणाला. "कडंला. तिचा कुणी न्हाई. उलट त्यानं तिला लय बोल लावला व्हता. म्हणायचा, ही बाई माझ्या कामाच्या आड येती, जाईल तर बरं. त्याचं रान वेचायचं राह्यलं व्हतं, अन् आभाळ आलं व्हतं. तो मयताला आला व्हता ते लवकर उरकावं म्हणून."

"तो?" सुलाबाई म्हणाली.

"त्यानं पलिता घेतला."

भुजंगनं हातातला कापूस पोत्यात टाकला.

"त्याला वाटलं, टेकवावं अन् जावं. पर सरणाकडं बघितलं तर तिचा पाय दिसायला व्हता. लुगडं आखूड पडलं व्हतं. टाचंला भेगा, अन् भेगंत चिखल, विहिरीतला. त्यानं आदी ते लुगडं खाली वढलं. मग…" भुजंगनं बोंड धरलं, पण ते सुटेना. त्यानं ओढलं तर फांदीच मोडली. "मग दिला."

त्यानं पदराऐवजी पोत्याच्या कोपऱ्यानं तोंड पुसलं.

"नाव काय त्या माणसाचं?" बायनाबाईनं विचारलं.

"नाव ठाऊक न्हाई."

"आमाला ठाऊक हाय," बायनाबाई म्हणाली. आणि म्हणाली, "वेचा गं. पाऊस आला."

बाया कापसावर तुटून पडल्या. तेवढ्यात लांब, विहिरीकडून मोटार चालू झाल्याचा आवाज आला. पाणी पाटानं सुलाबाईच्या ज्वारीकडं निघालं. सुलाबाईनं मान वर करून तिकडं बघितलं, मग आभाळाकडं बघितलं. पाऊस डोक्यावर आल्यावर भगवानरावानं पाणी सोडलं होतं. ती हसली नाही, रडली नाही. "लाइट आलेली दिसतीय," एवढंच म्हणाली आणि वाकली.

वरचा तुकडा राहिला. बाकी सगळा कापूस बैलगाडीत पडला, वर ताडपत्री बांधली आणि गाडी गावात शिरली तेव्हा पावसानं पकडलंच. भुजंगनं पोती आत ढकलली, बैल सोडले, आणि भिजत दाराशी आला.

दारात सविता उभी होती. हातात तांब्या.

"आदी आंघूळ करा."

"आगं, पाऊस पडायलाय. भिजलोयच."

"भिजणं येगळं. मयताला जाऊन तसंच घरात येत न्हाईत. अग्नी दिलाय तुमी."

भुजंग काही तरी बोलणार होता. त्याच्या जवळ सकाळपासून एक वाक्य तयार होतं, 'ती हायच न्हाई' म्हणून. ते ओठापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. त्यानं चपला बाहेर काढल्या. सवितानं पाणी घातलं. ते थंड होतं, पावसाहून थंड, आणि त्यानं ते डोक्यावरून ओघळू दिलं.

कोरडे कपडे घालून तो आत आला तर चूल थंड. कापसाच्या ढिगाला टेकून बायनाबाई बसली होती, अंगावर पोत्याची खोळ, पायाशी फडक्यात बांधलेली भाकरी आणि वाडग्यात पिठलं.

"कडू घास आणलाय," ती म्हणाली. "मयत झालेल्या घरात आज चूल पेटवू नये. खा दोघं."

ती गेली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. भुजंगनं भाकरी मोडली, घास पिठल्यात बुडवला. वाऱ्याचा झोत आला आणि दार आपटलं. त्याचा हात तोंडापाशी थांबला.

"सविता."

"काय?"

"गोठा मोडला म्हणलो मी मघाशी. सरणाला."

"हां. म्हणलाव."

"मग ती म्हैस कुठं बांधलीया?"

तिनं दाराकडं बघितलं, पावसाकडं.

"उघड्यावर," ती म्हणाली.

भुजंगनं घास खाली ठेवला.